कुत्रा पाहण्याचा कार्यक्रम

लग्न झाल्यावर पहिल्यांदा घोडेगावजवळच्या वस्तीवर गेले, तेव्हा सासऱ्यांचा कुत्रा शेपूट हलवत माझ्या पदराशी आला आणि मी सटासट शिंकायला लागले. शिंका थांबेचनात. डोळे सुजले, नाक लालभडक झालं. सगळी माणसं टकामका बघायला लागली म्हणून मी घाईघाईने म्हणाले, "मला कुत्र्याचं वावडं आहे." माझ्या माहेरी, नगरात, वावडं म्हणजे अंगाला न मानवणं. कुणाला वांग्याचं, कुणाला शेंगदाण्याचं. मी आपली सवयीने बोलून गेले. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, लगेच कुत्रा नेऊन गोठ्यात बांधला.

तेव्हापासून बावीस वर्षं हीच रीत. आम्ही येणार म्हटलं की कुत्रा गोठ्यात, आणि मामांची बाजही गोठ्यात. जेवायला वाढलं की ताट उचलून तिकडेच. कधी केडगावला आमच्या घरी आले तर दारातल्या पायरीवर बसून चहा पिणार आणि "धार काढायचीय" म्हणून पुढच्या एसटीने परत. सुरुवातीला मी म्हणायचे, जुनं माणूस आहे, सुनेसमोर बसायला अवघडत असेल. पण पुढे पुढे मला राग यायला लागला. राग म्हणजे चांगलाच. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याशी धड चार वाक्यं बोलू नयेत? मी यांचं काय घोडं मारलंय? नवऱ्याला विचारलं तर ते म्हणायचे, "दादा तसेच आहेत." वडिलांना ते दादा म्हणतात. आमचे हे एमआयडीसीत सुपरवायझर. मशीन कुठे बिघडलंय ते नुसत्या आवाजावरून सांगतील, पण माणसांचं काही विचारू नका.

सासूबाई गेल्या आणि मामा वस्तीवर एकटे राहिले. मागच्या वर्षी त्यांचा कुत्राही म्हातारा होऊन गेला. तो तिसरा. त्यानंतर उन्हाळ्यात मामा विहिरीजवळ पाय घसरून पडले. दुधाच्या गाडीवाल्याने बघितलं म्हणून कळलं, नाहीतर दोन तास ते तसेच उन्हात पडून होते. हाड मोडलं नाही, पण ह्यांनी धसका घेतला. म्हैस चुलत दिरांच्या दावणीला गेली आणि मामांना सांगितलं, आता इथे एकटं राहायचं नाही, केडगावला चला. मामा म्हणाले, "येतो. पन घरात कुत्रं पायजे. नसंल तर हितंच बरा हाय मी."

झालं! मला शिंका आणि मामांना कुत्रा. मला वाटलं, मुद्दामच करतायत. दोन दिवस मी भांडी आपटली. मग डोकं थंड झाल्यावर विचार केला, मी नाही म्हटलं तर ते तिथेच राहणार, आणि पुढच्या वेळी दुधाची गाडी यायला सकाळ उजाडली तर? माणूस माझ्याशी बोलत नाही म्हणून त्याला बांधावर मरू द्यायचं का? तेव्हा म्हटलं, आपणच आपल्याला सोसेल असा कुत्रा शोधायचा.

लेक पुण्याला शिकते. ती फोनवर म्हणाली, "आई, ॲलर्जीवाल्यांसाठी वेगळ्या जाती असतात. पूडल, माल्टीज, शिहत्झू. त्यांचे केस गळत नाहीत." मी घरी ब्लाउज शिवते. हुक लावता लावता मी महिनाभर मोबाईलवर कुत्री बघितली. बायका माप द्यायला आल्या की मी त्यांना पूडलचे फोटो दाखवायचे. एक जण म्हणालीसुद्धा, "ताई, हे शिवलंय का तुम्ही?"

डॉक्टरांनी मात्र हवाच काढून घेतली. म्हणाले, "केसांचं खरं काही नसतं. कुत्र्याच्या अंगावरचा कोंडा असतो, लाळ असते, त्याने त्रास होतो. तो सगळ्याच जातींना असतो. केस कमी गळले तर घरभर कमी पसरतो, इतकंच. अजिबात त्रास देणार नाही अशी जात नाही. तेव्हा जात बघू नका, तो एकेक कुत्रा बघा. तासभर त्याच्यापाशी बसा, हात लावा, आणि मग ठरवा."

अशी आमची कुत्री पाहायची सुरुवात झाली. मामा तपासणीसाठी आठ दिवस आमच्याकडे आले होते, तेही बरोबर. पहिलं स्थळ सावेडीचं. स्थळच म्हणायचं, दुसरं काय? त्या बाईंनी चक्क कांदेपोहे केले होते. आतून पूडल आणला, नुकताच न्हाऊ घातलेला, मानेला गुलाबी रिबीन. मामांनी जनावरांच्या बाजारात बघतात तसं त्याचा जबडा उघडून दात बघितले. मग विचारलं, "भाकर खातं का?" बाई म्हणाल्या, "छे हो, ह्याचं खाणं वेगळं येतं." मामा म्हणाले, "मंग राखन?" बाई म्हणाल्या, "राखण नाही, पण शेकहँड करतो." त्याने मामांना शेकहँड केला. मामांनीही तोंड गंभीर ठेवून केला. मला हसू दाबताना पुरेवाट झाली, आणि पोहे संपायच्या आत पहिली शिंक आली. वीस मिनिटांत आम्ही चपला घालत होतो.

दुसरं स्थळ केडगावातच, आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. एक रिटायर झालेलं जोडपं मुलाकडे परदेशी चाललं होतं. त्यांना त्यांचा तीन वर्षांचा शिहत्झू चांगल्या घरी द्यायचा होता. कुत्रा कसला गुणी! येऊन माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला. मी त्याला कुरवाळलं, मांडीवर घेतलं, तासभर बसले. एक शिंक नाही! मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते.

मामा उठता उठता म्हणाले, "दोन टायमाची धार काढून बगितल्याबिगर म्हैस घेत न्हाईत, सूनबाई. आज गुनी दिसतंय, उद्या लाथ मारंल. परत एकदा येऊन बगू." त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे बाजारातून म्हैस घेताना सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही धारा आपल्या डोळ्यांसमोर काढून बघतात. म्हटलं ठीक आहे, चार दिवसांनी पुन्हा.

चार दिवसांनी गेलो. कुत्र्याने मला ओळखलं, मांडीवर उडी मारली आणि गालच चाटला. पाच मिनिटांत घशात खवखवलं. मग डोळे, मग छाती. श्वास आत जायचा, पण बाहेर यायला मागेना, आणि आतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. मला उठायचं होतं, उठताच येईना. मामा ओरडले, "रिक्षा बोलवा कुनीतरी!" आणि ज्या माणसाने इतक्या वर्षांत मला कधी पाण्याचा तांब्या हातात दिला नव्हता, त्याने मला धरून रिक्षात बसवलं.

दवाखान्यात तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ दिली. तासाभराने छाती मोकळी झाली. पहिल्या भेटीत काहीच झालं नव्हतं, हे ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्या वेळी गेलात तेव्हा ॲलर्जीची गोळी घेतली होती का?" मी कपाळावर हात मारला. लग्नसराईचे ब्लाउज कापत होते, कापडाच्या तंतूंनी नाक वाहतं, म्हणून कापायच्या दिवशी घेते तशी त्या दिवशी सकाळी मी गोळी घेतली होती! मग कशी येईल शिंक? आणि नंतर पाकीट संपलं, ते मी आणलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मग ती परीक्षाच नव्हती. आणि आजचं बघता, तुम्ही कुठल्याच कुत्र्याच्या नादी लागू नका."

मामा दाराशी उभे होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर माझी पर्स. डॉक्टर गेल्यावर ते जवळ आले.

"म्हंजी हे अंगाचं वावडं हाय व्हय?"

"मग कसलं, मामा?"

"मला वाटलं मनाचं." ते खाली बघत म्हणाले. "तू म्हनलीस कुत्र्याचं वावडं हाय. आमच्याकडं तसं म्हनलं का त्याचा अर्थ नकोसं, डोळ्यासमोर नको. मला वाटलं, शेरातली पोरगी हाय, घान वाटत असंल. आन कुत्रं तर कायम माझ्याच अंगावर. माझ्या कपड्याला त्याचा वास. म्हनून आपला लांब ऱ्हायलो."

म्हणजे गोठ्यातली ती बाज, ते उचलून नेलेलं ताट, दारातली पायरी, हे सगळं माझ्यासाठी? आणि मी काय समजत होते? की या माणसाला मी पसंत नाही. मला माझाच इतका राग आला. त्यांचाही आला. एकदा विचारायचं होतं की! पण मग मी तरी कुठे विचारलं? भांडी आपटली, विचारलं नाही. एका शब्दापायी दोन माणसं एवढी वर्षं एकमेकांना चुकवत राहिली, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण नकोसे आहोत.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. हे कंपनीत गेलेले. मामा आत आले आणि समोर फरशीवर बसले. त्यांनीही एक जुडी ओढली.

"कुत्रं नगं आता," ते म्हणाले.

मी मेथी खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही परत वस्तीवर जाणार?"

"कशाला? ऱ्हातो की हितंच."

"अहो पण मामा, अट तुम्हीच घातली होतीत ना? कुत्रा नाही तर येत नाही म्हणून? त्यापायी मी अख्खं नगर पालथं घातलं!"

मामा मेथीच्या काड्या मोडत राहिले. पानं इकडे, काड्या तिकडे, अगदी व्यवस्थित. मग म्हणाले, "पोरगा दिसभर कंपनीत. तुला तर मी नकोसा, असं माझं मन म्हनायचं. मंग एवढ्या मोठ्या घरात म्या बोलायचं कुनाशी? म्हनलं, कुत्रं असलं तर येळ जाईल. त्याच्याशी तरी बोलता येईल."

"मी बोलेन की, मामा," एवढंच मला म्हणता आलं. आणि डोळे घळाघळा वाहायला लागले. पदर लावला तरी थांबेनात.

मामा गडबडून उठले. "आरं देवा! परत सुरू झालं का? मी आंगुळ करून कापडं बदलूनच आलोय, पोरी. गोळी कुठं ठिवलीय तुजी?"

"गोळी नको," मी म्हणाले. "हे अंगाचं नाही, मामा."