पान, पेढा आणि मारेगावचा फोन

रामटेके सरांशी माझी पहिली ओळख कडूच झाली. यवतमाळच्या औषधशास्त्र महाविद्यालयात मी संशोधनासाठी गेले, तर सरांनी काही विचारायच्या आधी बेडकीचा पाला या औषधी वेलीचं एक पान चघळायला दिलं आणि त्यावर पेढा. पेढ्याची तोंडात माती झाली! "गोड लागत नाही न? हीच आपली वेल," सर हसून म्हणाले. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचं स्वागत ते असंच करतात. वाया गेलेल्या त्या पेढ्याची हळहळ मला अजून वाटते.

मधुमेही उंदरांना या पाल्याचा अर्क दिला, तर त्यांच्या अंगातल्या साखरेचं नि चरबीचं काय होतं, हा सरांचा जन्माचा विषय. निकाल चांगला आला की आम्ही नाचायचो आणि सर म्हणायचे, "पुन्हा करून पाहा." अस्सा राग यायचा! पण उंदरांची विचारपूस झाली की आमच्या घरच्यांचीही ते करणारच.

अशाच एका सकाळी मी कौतुकानं सांगितलं, "सर, आपल्या उंदरांची साखर उतरल्याचं ऐकून माझे बाबाही रोज या पाल्याचा काढा घेतात." सरांचा चेहरा उतरला. "आणि गोळ्या?"

मी तिथूनच मारेगावला घरी फोन लावला. "गोळ्या आता कायले?" बाबा म्हणाले. "तुह्या उंदरायले फरक पडला न, मंग मले नाही पडनार काय?" आवाज पार खोल गेला होता.

सरांनी त्या दिवसाचं काम सहकाऱ्यांवर सोपवलं आणि गाडी काढली. बाबांच्या तोंडाला कोरड पडली होती, उठवतही नव्हतं. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. सर बाकावर बसून राहिले. संध्याकाळी साखर उतरू लागली, बाबांनी चहा मागितला, आणि माझा जीव भांड्यात पडला. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काका, उंदराले आमी मोजून देतो, रोज तपासतो. तुमाले कोन तपासून राह्यलं होतं?"

"चुकलंच, सर," बाबा पुटपुटले.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक तक्त्यावर 'उंदरांमध्ये' हा शब्द सर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहायला लावतात. काढ्याच्या बाटलीवर सरांचं नाव छापू पाहणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनाही पान आणि पेढा मिळाला, चहा नाही.

गेल्या वर्षी सरांनाही मधुमेह निघाला. आता रोज सकाळी मारेगावहून फोन येतो, "सर, गोळी घेतली काय?" सर मुकाट्यानं "घेतली" म्हणतात. मग बाबा स्वतःची घेतात.

सर, आज तुम्ही साठ वर्षांचे झालात. 'शतायुषी व्हा' म्हटलं तर तुम्ही पुरावा मागाल. म्हणून एवढंच मागते: हा फोन रोज वाजावा, उचलायला तुम्ही असावं, आणि करायला माझे बाबा.