घरट्यात डबा नको

डबा कुठंतरी लपवायचा, ठिकाण मोबाईलवर टाकायचं आणि अनोळखी लोकांनी तो शोधायचा, या खेळाचं माझ्या लेकीला भलतंच वेड. जोतिबाच्या पायथ्याशी माझ्या मावशीचं शेत आहे. तिथं विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात. त्यातलं एक हाताला लागणारं, अर्धवट सोडलेलं घरटं बघून लेक म्हणाली, "डबा यातच ठेवूया." मलाही ते पटलं, कबूल करते.

मावशी कडाडली, "ह्ये रिकामं हाय, ह्ये तुमास्नी ठावं. हुडकणाऱ्याला कसं कळंल? त्यो पिलं असलेली बी चाचपत बसंल की!"

शेवटी डबा तिच्याच गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागं ठेवला.

गेल्या रविवारी दोन मुली डबा शोधत आल्या. मावशीनं त्यांना बसवलं, चहा पाजला आणि डबा आणून सरळ हातात दिला. हे कळल्यावर मी फोनवर चिडलेच. "अगं, तो त्यांनीच शोधायचा असतो!"

"दारात आलेल्या पावण्यास्नी गोठ्यात हुडकाया लावू व्हय?" ती माझ्यावरच डाफरली. "घरटी तेवढी लांबनंच दावली."