फुडें खूप जागा आसा

"फुडें सरा, फुडें खूप जागा आसा." पुढे जागा कधीच नसायची. तरी मोरजी-पेडणे बसचे आमचे कंडक्टर मामा हे इतक्या खात्रीने सांगत, की माणसे खरोखर पुढे सरकत. मग पत्र्यावर दोन थापा पडत आणि बस सुटे. पेडण्याच्या शाळेत शिकवायला मी बावीस वर्षे या दोन थापांवर गेले.

मासळीवालीची पाटी बसमध्ये आली की आम्ही पदर नाकाला लावायचो. मामा म्हणायचे, "टीचर, वास खंय येता? म्हाका तर कांय येना." गरीब बाईची बाजू घेतात म्हणून आम्हाला केवढे कौतुक! पुढे डॉक्टरांकडून कळले, की त्यांच्या आजारात पुष्कळदा वास आधी जातो आणि हात नंतर थरथरतो. म्हणजे मामा खरेच सांगत होते. तरीही माझे मत मी बदललेले नाही.

हाताचे नंतर दिसले. नुसते उभे असले की उजवा अंगठा बोटावर फिरत राही, तिकिटे सुटी करत असल्यासारखा. तिकीट द्यायला हात उचलला की थांबे. मग आवाज खाली बसला, चेहरा कोरा होत गेला. डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितले. मामांनी घरी येऊन जाहीर केले, "म्हाका पार्किंग जालां." सुनेने दुरुस्त केले, तर म्हणाले, "तेंच गो. गाडी बंद पडूंक ना, फकत उबी आसा."

नोकरी सुटली. गोळ्यांवर काही वर्षे बरी गेली आणि मग पाय अडू लागले. चालता चालता, बहुधा दारातच, ते जमिनीला चिकटल्यासारखे होत. घरात व्हीलचेअरचे बोलणे सुरू झाले. मामांचा हट्ट एकच, आपल्या बसमध्ये आपल्या पायांनी चढायचे. "खुर्चेर बसून बशींत कोण चडता?"

एका सकाळी सून त्यांना घेऊन थांब्यावर आली. बसच्या दाराशी पाय अडलेच. नवा कंडक्टर दंड धरून ओढू लागला, तसे मामा आणखी ताठ झाले. सून ओशाळून खाली बघत राहिली. मी आत बसले होते. काय सुचले कोण जाणे, खिडकीतून हात काढून पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हटले, "मामा, फुडें सरा, फुडें खूप जागा आसा."

पाय उचलला. मग दुसरा. वर आल्यावर मामांनी गच्च भरलेली बस बघितली आणि माझे खोटे पकडल्यासारखे पुटपुटले, "टीचर, फट सांगतात तुमी. खंय आसा जागा?" मला इतका आनंद झाला, की उतरायचा थांबा चुकला.

सुनेने ती युक्ती उचलली. घरातल्या प्रत्येक चौकटीवर उलथन्याचे दोन ठोके पडू लागले. व्हीलचेअर शेवटपर्यंत आली नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. त्यांना बाहेर नेताना माणसे दारात जरा अडखळली, चौकट अरुंद होती. रडता रडता सुनेचा हात आपोआप चौकटीवर गेला. दोन थापा पडल्या.

"सरा बाबा," ती म्हणाली, "फुडें खूप जागा आसा."