डायलसाठी बाहेर

आत्याला मधुमेह निघाला तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो हा: "चोरून गोड कधीपासून खात होतीस?" विचारणारे माझे बाबा, आणि विचारताना तोंडात सिगारेट.

आत्या बाबांची धाकटी बहीण. अंगाने काडी, आणि चहासुद्धा बिनसाखरेचा पिणारी. बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात ती पोरवयात येऊन बसली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. भिंतीवरची मोठी घड्याळं बाबांची, बायकांची चिमुकली मनगटी घड्याळं आत्याची. त्यांतले स्क्रू असे की शिंक आली की गेले. ती ते डोळ्यांनी कमी आणि बोटांनीच जास्त ओळखायची. याचा तिला भारी तोरा होता, आणि असायलाच हवा होता.

या धंद्यात काम चालू असताना दार बंद, खिडकी बंद, पंखाही बंद. वारा आला की केसासारखी स्प्रिंग उडते, धूळ आत गेली की घड्याळ अडतं. त्या डबीएवढ्या खोलीत बाबा दिवसभर एकीवर एक सिगारेट पेटवायचे. आत्या खोकली की म्हणायचे, "हळू गं, स्क्रू उडेल."

मग तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. स्क्रू हाताला लागेना. मी तिला दवाखान्यात नेलं, तर मधुमेह.

"घरात आणखी कोणाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोणालाच नाही."

"सिगारेट?"

"मी? काहीतरीच काय! दादा ओढतो. शेजारी बसून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांनाही मधुमेहाचा धोका वाढतो. औषधं चालू करू. आणि त्या खोलीतला धूर थांबवा. तुमची बोटं वाचवायची आहेत."

घरी येऊन मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी राख झटकली. "डॉक्टरांना काय, कोणावर तरी खापर फोडायचं असतं! ओढतो मी, छाती माझी. हिच्या रक्तात साखर कशी जाईल?"

"दादा, निदान दाराबाहेर जाऊन ओढ ना रे," आत्या म्हणाली. उभ्या आयुष्यात तिने त्यांच्याकडे मागितलेलं हे एवढंच.

"हातातलं काम टाकून दर वेळी उठू?"

झालं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला साखरेचा डबा कपाटात कुलपात टाकला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवू लागले, "बहिणीचं पथ्य मीच सांभाळतो. माझं लक्ष असतं म्हणून बरं." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आत्या खाली मान घालून काम करत राहायची आणि एकेका स्क्रूसाठी जास्त जास्त वेळ चाचपडायची.

मग एक म्हातारे मास्तर आपलं भिंतीवरचं घड्याळ न्यायला आले. सुटा भाग मिळेना म्हणून ते कितीतरी महिने बाबांच्या टेबलावर उघडं पडून होतं. मास्तरांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं.

"डायल पांढरीशुभ्र होती हो. ही पिवळी कशी झाली?"

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी ओल्या फडक्याने डायलचा कोपरा पुसला. फडकं तपकिरी झालं. मास्तर पैसे ठेवून, ते पिवळं घड्याळ उचलून निघून गेले. बाबांना ते फार लागलं.

दुसऱ्या सकाळी बाबा काम अर्धं टाकून उठले, बाहेर पायरीवर गेले, धूर आत येऊ नये म्हणून दार नीट ओढून घेतलं आणि तिथे उभं राहून सिगारेट ओढली. दिवसभर तसंच. एकदाही कुरकुर नाही.

संध्याकाळी ते आत आले तेव्हा आत्या म्हणाली, "डायलसाठी गेलास. माझ्यासाठी नाही गेलास."

बाबा हसले. "तू कुठे पिवळी पडली होतीस?"

आत्याने चिमट्यात एक स्क्रू उचलला. तो निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. मग तिने ते मनगटी घड्याळ होतं तसं, उघडंच, बाबांच्या टेबलावर सरकवलं आणि डोळ्यावरचं भिंग काढून त्याच्या शेजारी ठेवलं.

दुकानात इतकी स्वच्छ हवा मी पहिल्यांदाच पाहिली. आत्या ती घ्यायला दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही कधी आली नाही.