तळाशी वाळू असलेलं बेट

आम्ही कोणत्या बेटावर जायचं हे शेवटी माझ्या बाबांनी ठरवलं, आणि बाबांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. त्यांना ठाऊक आहे ती जानेफळच्या आमच्या शेतातली विहीर. आठ परस खोल (परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की होते तेवढी उंची), आणि त्यातलं चार परस पाणी. गावातली कितीतरी पोरं या विहिरीत बाबांच्या हाताखाली पोहायला शिकली. आधी पाठीला रिकामा डबा बांधायचा, मग एक दिवस डबा सोडायचा, आणि पाण्याची सवय झाली की बुडी मारून तळाचा मूठभर गाळ वर आणायचा. आमच्या विहिरीवर याला बूड आणणं म्हणत. बाबा त्या काळ्या गाळाचा टिळा पोराच्या कपाळाला लावत. टिळा लागला की पोरगा पोहणारा झाला.

माझ्या भावाला टिळा लागला, सगळ्या चुलतभावांना लागला, मला नाही. शिकले मी त्यांच्याबरोबरच, आणि दम त्यांच्याहून मलाच जास्त होता. पण बूड आणायचं नाव काढलं की बाबा म्हणत, "तू वरच पोह." कारण कधी सांगितलं नाही. पोरगी म्हणून अडवतात असं मी धरून चालले आणि तो राग लग्नात रुखवताबरोबर सासरी, उंद्रीला घेऊन आले. पुढे विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि तो विषय तिथेच संपला.

उंद्रीला आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं करून विकतो. फेब्रुवारीत जरा उसंत असते. अशाच एका दुपारी भाच्याने मोबाईलवर स्कूबा डायव्हिंगचा व्हिडिओ दाखवला. एक बाई पाठीला सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी आरामात फिरत होती. आमच्या पाठीचा डबा वर ठेवायचा, हा खाली नेतो, एवढाच काय तो फरक. मी तिथल्या तिथे माझे पती सुधाकरराव यांना सांगितलं की यंदा देवदर्शन नाही, मी बूड आणायला जाणार आहे. त्यांनी चहा खाली ठेवला आणि पंख्याचा वेग वाढवला.

मग बेट शोधणं सुरू झालं आणि घरात जणू पंचायत भरली. भाच्याला मालदीव हवं होतं, पण सुधाकररावांचा पासपोर्टच नव्हता. माझ्या जावेला लक्षद्वीप पसंत, कारण तिथलं पाणी फोटोत फार निळं दिसतं. तिथे जायला परवानगी काढावी लागते आणि ती रोपांच्या हंगामाआधी हातात पडेल याची खात्री नव्हती. मालवण सगळ्यांत जवळचं, पण मालवणला आपण कधीही जाऊ शकतो, या एका कारणावर लोक जन्मभर मालवणला जात नाहीत, आणि आम्हीही गेलो नाही. राहिलं अंदमान. तिथेही हॅवलॉक की नील, यावर दोन तट पडले.

मी जानेफळला गेले आणि बाबांना सगळी बेटं सांगितली. ते बांधावर बसून कांद्याला पाणी देत होते. निळं पाणी, कासवं, रंगीत मासे, सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तळाले काय आहे?"

मी पुन्हा निळ्या पाण्यावरच आले.

"गाळ आहे, का वाळू, का खडक? अन् किती परस? जिथं जायचं तिथलं बूड मालूम नाही, अन् निळं पाणी काय सांगून राह्यली."

घरी येऊन मी एकेका डायव्हिंगवाल्याला फोन लावला. तळाला काय आहे, असं विचारलं की प्रत्येक जण कासवांवर यायचा. एकाने तर जेवणात बुफे असतो हे सांगितलं. नीलवरच्या एका सोमेन नावाच्या माणसाने मात्र हिंदीत सरळ उत्तर दिलं. प्रवाळाच्या खडकांमध्ये पांढरी वाळू आहे, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला बारा मीटरच्या खाली नेत नाही. बारा मीटर म्हणजे सहा परस. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, आपल्या विहिरीच्या पाण्याहून खोल आहे, जा. असं नील ठरलं. सरकारी नाव शहीद द्वीप, पण तिकडे सगळे नीलच म्हणतात.

जालन्याहून चेन्नईची गाडी पकडली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बरणीभर ठेचा बरोबर होता. चेन्नईच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी बरणीचं झाकण उघडलं, वास घेतला, डोळे पुसले आणि बरणी बाजूला ठेवून दिली. सुधाकररावांना विमानात बसण्यापेक्षा ठेच्याच्या वियोगाचाच जास्त त्रास झाला. पुढे पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) नीलची बोट निघाली तेव्हा ठेच्याची आठवणही त्यांच्या पोटात टिकली नाही. ते कठड्याला धरून उभे होते, आणि मी त्यांना धरून.

नील दिसलं ते आधी नारळीची झाडं म्हणून. पण धक्क्यावरून आत गेलो आणि मी रिक्षा थांबवायला लावली. समुद्र दोन पावलांवर, आणि रस्त्याच्या कडेला वांग्याचे वाफे. पुढे मिरची, पुढे दोडक्याचे मांडव. या बेटाची भाजी बोटीने दुसऱ्या बेटांवर जाते, हे मला कुठल्याही व्हिडिओने सांगितलं नव्हतं. मांडवाखाली एक बाई तण काढत होत्या. नाव बीना, माहेर-सासर दोन्ही याच बेटावर, वाडवडील बंगालचे. मिरचीची पानं आकसलेली पाहून मी हिंदीत विचारलं की चुरडामुरडा आहे का. रोगाचं नाव त्यांच्या भाषेत वेगळं, पण दुःख एकच निघालं. रोपं कोवळी असताना वरून बारीक जाळी कशी धरायची ते मी सांगितलं. त्यांनी मला पुईची जुडी दिली (आपली मायाळू) आणि दोघांना दाब पाजलं (शहाळं). मी समुद्राच्या तळाशी जायला आले हे ऐकून त्या हसल्या. जन्म इथला असून त्या गुडघ्यापुढे कधी समुद्रात गेल्या नव्हत्या. पुईची भाजी संध्याकाळी खानावळीतल्या बाईंकडून करून घेतली, लसणाची फोडणी देऊन. सुधाकररावांचं पोट त्या भाजीनेच ताळ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमेन भेटले. चाळिशीचे, सावळे, मोजकं बोलणारे. कमरेएवढ्या पाण्यात सराव होता. तोंडातल्या नळीने श्वास घेत राहायचं, काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही, हा पहिला नियम. मला वाटलं, पाण्यात तर आपला जन्म गेला. डोकं पाण्याखाली गेलं आणि मी सवयीने गच्च श्वास रोखला. त्यांनी मला वर काढलं. पुन्हा गेले, पुन्हा रोखला. विहिरीत जे कमावलं होतं तेच इथे नडत होतं. शेजारी पुण्याचं एक जोडपं होतं, पोहता न येणारं. ते पहिल्याच झटक्यात पास होऊन फोटो काढायला गेले. मला राग आला, मुख्यतः त्यांच्या फोटोंचा. सोमेन म्हणाले, "दीदी, इथे दमाचं काम नाही. उद्या येता का?" मी म्हटलं, आत्ताच. मग स्वतःला सांगितलं की आपण वाफ्यावर बसून तण काढतोय, आणि तण काढताना कोणी श्वास रोखत नाही. त्या खेपेला जमलं.

बोटीतून पाठमोरी पाण्यात पडले. खाली जाताना कान दुखले, नाक दाबून हवा कानात ढकलली, पुन्हा खाली. पाणी विहिरीसारखं काळं होत गेलं नाही. उजेड खालपर्यंत आला होता. खडकांवर जांभळे, पिवळे प्रवाळ, त्यात घुसणारे-निघणारे मासे, आणि मध्ये ती पांढरी वाळू, सोमेननी फोनवर सांगितली होती तशीच. गुडघे टेकले. मी समुद्राच्या बुडाशी होते आणि श्वास घेत होते. मला रडू आलं. चष्म्याच्या आत रडणं फार गैरसोयीचं असतं.

मग मी आले होते ते काम केलं. मूठभर वाळू घेतली आणि घट्ट धरली. सोमेननी पाहिलं, बोट हलवलं आणि माझी मूठ हळूच उघडली. इथलं काहीही वर न्यायचं नाही, शिंपला नाही, वाळूसुद्धा नाही, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. माझ्या कानांनी ते ऐकलं होतं, हाताने नाही. वाळू धुरासारखी पसरत खाली गेली. त्यांनी अंगठा वर केला, म्हणजे वर चला. मी न पाहिल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा केला. मी एका माशाकडे पाहत बसले. शेवटी त्यांनी माझ्या पट्ट्याला धरलं आणि मला वर आणलं.

एवढं अंतर जाऊन तळ गाठला आणि रिकामी मूठ घेऊन निघाले, हे परतीच्या प्रवासभर मनाला लागत होतं. जालन्याला उतरल्यावर उंद्रीला न थांबता थेट जानेफळ गाठलं. बाबा कांद्यातच होते. मी मूठ उघडून दाखवली.

"आणू देत नाहीत बाबा. कायदा आहे."

त्यांनी हात पाहिला, नखंही पाहिली. पोरं तळाऐवजी कपारीचा गाळ आणून फसवायची, तेव्हाची ती सवय. मग कान कधी दुखले, थंड कुठून लागायला लागलं, एकेक विचारलं. मी सांगत गेले आणि ते मान डोलावत गेले.

"अन् वर यावं वाटलं का?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "नाही. त्यानं धरून आणलं."

बाबांनी माझा हात सोडला. "बाकीचे भ्यायचे, म्हणून परत यायचे. तू भीत नव्हती, माय. तुले काऊन नाही जाऊ दिलं, आता समजलं?"

इतकी वर्षं जपलेला राग ठेवायला मला जागा सापडेना. मी त्यांच्यापुढे बसले आणि लहानपणी भाऊ करायचे तसं कपाळ पुढे केलं. बाबांनी वाफ्यातल्या ओल्या मातीत बोट बुडवून टिळा लावला.

"ही तं वरची माती आहे," मी म्हटलं.

"तू वर आली ना," बाबा म्हणाले, आणि पाणी दुसऱ्या वाफ्याला वळवायला उठले.