चार पोळ्यांचं गाणं

परवा शुक्रवारी मी खराडीला एका बॅन्डचा शो बघायला गेले. हो, मीच... पन्नाशी उलटलेली, सातवी पास, गुडघे धरलेली. हसून घ्या एकदाचं आणि मग पुढचं वाचा.

तिकीट माझं नव्हतंच. माझी लेक स्नेहल आयर्लंडला नोकरी करते. तिचा आवडता बॅन्ड मोडणार होता, हा त्यांचा शेवटचा शो, म्हणून बाईसाहेबांनी पुण्याला यायचं ठरवून तिकीट काढून ठेवलं... आणि ऐन वेळी साहेबाने सुट्टी नाकारली.

फोनवर आधी रडली. मग म्हणाली, "आई, तू जा ना. आपलं गाणं लागलं की मला व्हिडिओ कॉल लाव. फक्त तेवढं एक."

"आपलं कधीपासून झालं? तुझं रडगाणं ते," मी म्हटलं.  ती नाक ओढत म्हणाली, "बरं, माझं. पण लाव."

गाण्याची भानगड अशी... तेव्हा आम्ही खडकीला क्वार्टरमध्ये राहायचो. हे फॅक्टरीत, स्नेहल इंजिनिअरिंगला. मी घरच्या दोन डब्यांबरोबर बाहेरच्याही डब्यांच्या पोळ्या करायचे, त्यामुळे सकाळी सहाला माझा तवा तापलेला असायचा.

स्नेहल ओट्यावर स्टीलच्या ग्लासात मोबाइल उभा करायची, म्हणजे आवाज मोठा येतो. आणि रोज तेच गाणं... परत परत. घड्याळाकडे बघायला मला फुरसत नसायची, पण गाणं सुरू होऊन संपलं की माझ्या चार पोळ्या झालेल्या असायच्या. पाचव्यांदा सुरू झालं की ओरडायचे, "ऊठ आता, लोकल जाईल!"

गाण्यात काही मोठं नाही. जाताना दार नुसतं ओढून घे, कडी लावू नकोस, मी जागीच आहे... एवढंच. स्नेहलही तशीच दार ओढून स्टेशनकडे पळायची.

मग एका सेमिस्टरला तिचे दोन विषय राहिले. माझं डोकं फिरलं. ग्लासातला मोबाइल उचलून ओट्यावर आपटला आणि म्हटलं, "ह्या गाण्यानेच वाटोळं केलं तुझं."

तिने मोबाइल उचलून बॅगेत टाकला. दुसऱ्या दिवसापासून कानात इअरफोन... ओटा गप्प. पोळ्या काय, व्हायच्याच, पण कधी सहा झाल्या, कधी दहा, कळायचंच नाही. 'लाव गं परत' एवढे तीन शब्द म्हणायला माझी जीभ वळली नाही. विषय सुटले, नोकरी लागली, परदेशही झाला. हे रिटायर झाले, क्वार्टर सोडून आम्ही कात्रजला आलो... ते तीन शब्द तसेच राहिले.

तर शो. दोन बस बदलून पोचले. सगळी विशीतली पोरं, खुर्च्या असून उभी! पुढच्याला म्हटलं, "अहो, पैसे बसायचे भरलेत ना?" तो "सॉरी आंटी" म्हणाला आणि उभाच राहिला.

शेजारच्या मुलीने विचारलं, "काकू, तुम्ही बॅन्डमधल्या कुणाच्या आई का?" म्हटलं, "नाही गं. माझी पोरगी इथे नाही, म्हणून मी आहे."

अर्ध्या तासाने ते गाणं सुरू झालं. पहिल्या दोन सुरांतच कळलं मला... तव्याचा वास आला, खरं सांगते. घाईघाईने कॉल लावला, मोबाइल समोर उंच धरला आणि स्टेजकडे बघत राहिले.

सगळं सभागृह गात होतं. ती शेजारची मुलगी हुंदके देत होती. आणि माझं तोंड आपोआप चालू झालं होतं. डावा हात मांडीवर पोळी फिरवल्यासारखा फिरत होता. डोळ्यांचं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, मग वाहू दिलं.

गाणं संपल्यावर विचारलं, "दिसलं का गं? स्टेज लांब आहे, गाणारा मुंगीएवढा." स्नेहल ऑफिसच्या जिन्यात बसली होती, नाक लाल. म्हणाली, "नाही आई, अगदी जवळून दिसलं." आणि फोन ठेवला.

तेव्हा शेजारची म्हणते, "काकू, कॅमेरा तुमच्याकडेच होता. पूर्ण गाणंभर तुम्हीच दिसत होतात."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही गात होतात ना... म्हणून नाही टोकलं."

अस्सा राग आला! शेवटचा शो आणि पोरीला माझं रडकं थोबाड दाखवत बसले. बाहेर येऊन तडक फोन लावला. "गधडे, बोलली का नाहीस? बॅन्ड बघायचा होता ना तुला?"

"बॅन्डचे व्हिडिओ पडलेत ढिगाने," ती म्हणाली. "आई, तुला सगळे शब्द येतात? सगळे?"

"रोज डोक्यावर वाजवलंस, येणार नाहीत तर काय?"

 बस आली, मी सोडली. माफीबिफी मला जमत नाही. शेवटी म्हटलं, "ते गाणं मला पाठव. लाव गं परत."

"कुठलं?" कुठलं ते तिला चांगलं माहीत होतं.

"आपलं गं."

काल सकाळी कात्रजच्या ओट्यावर स्टीलचा ग्लास ठेवला, त्यात मोबाइल. हे पेपर बाजूला ठेवून बघत बसले. त्या बॅन्डच्या पोरांनो, तुम्ही एकत्र राहा नाहीतर वेगळे व्हा, मला त्यातलं कळत नाही... पण भलं होवो तुमचं. आम्हा दोघांना आता चारच पोळ्या लागतात. तुमचं एक गाणं पुरतं.