बाईंनी ऐकलेलं इंग्रजी

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड बुलढाण्याला माझ्या हाती पडलं, तेव्हा बाईंना जाऊन चार दिवस झाले होते. पुतण्यानं एवढंच लिहिलं होतं, आई गेली, त्रास झाला नाही. आता महिना उलटला... बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि माझं इंग्रजी त्यांनीच सुधारलं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी पिंपळगाव राजाला प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि बाहेरून बी.ए.ला बसले होते. सकाळी मळ्यातून मेथी यायची; तिच्या जुड्या बांधून खामगावच्या बाजाराला पाठवायच्या, मग स्वयंपाक, मग शाळा. अभ्यासाच्या वाट्याला नुसती पेंग उरायची. पहिल्याच वर्षी इंग्रजीत नापास झाले. पुस्तकांचा गठ्ठा बांधून माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी पाहते तर गठ्ठा खाली, गाठ सुटलेली... चुलीपुढून बाई म्हणाल्या, "भाकरी माह्या, पाणी माहं. तू जुड्या बांध अन् मोठ्यानं वाच. मले आयकू आलं पाह्यजे."

तेव्हापासून टोपलीला पुस्तक टेकवायचं, हातानं मेथी बांधायची आणि तोंडानं इंग्रजी वाचायचं. बाईंना शब्द एकही कळत नसे, पण मी कुठं अडखळले ते नेमकं कळे. "काऊन थांबली व तिथं? मागून घे." मग मी कोश काढायची, अर्थ लावायची आणि वाक्य सलग येईपर्यंत म्हणत राहायची. रविवारची दुपार त्यांनी इतिहासाला लावून दिली. त्या वेळात माझ्याकडे आलेल्या शेजारणी दारातूनच परत जायच्या आणि बाहेर हसायच्या. बाई त्यांच्याकडे लक्ष देत नसत.

एका धड्यात जॉन नावाचा खलाशी होता. बाई त्याला जानराव म्हणत आणि वरचेवर त्याचाच धडा वाचायला लावत. दुसऱ्या खेपेला मी पास झाले. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, आता जानरावची गोष्ट मराठीत सांग. मी सांगितली. जॉन समुद्रात बुडतो, आई किनाऱ्यावर वाट पाहत राहते...

"नाही व," बाई हळूच म्हणाल्या. "तू वाचे तवा तो घरी येऊन राह्यला, असंच वाटे मले."

आज मी मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. एखादी धडा वाचायला उभी राहिली की माझं पुस्तक आपोआप मिटतं, डोळेही मिटतात. मुलींना वाटतं, मला झोप लागली. परवा एकीनं अवघड वाक्य हळूच गाळलं. डोळे न उघडता मी तिला थांबवलं, तसा वर्ग चपापला. पुस्तकात न बघता तुम्हाला कसं कळलं, असं तिनं विचारलं. मी तिला माझ्या जाऊबाईंचं नाव सांगितलं.